रामाकोन्याची गुरगुरती जमीन आणि मावशीचा गृहप्रवेश

दिवाळीची सुट्टी संपली होती आणि आता दोन महिने नागपूर सोडायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. तेवढ्यात सौंसरजवळच्या रामाकोन्याहून प्रमोदचा फोन आला. प्रमोद म्हणजे माझ्या सुशीलामावशीचा मुलगा. त्याचं नवं घर बांधून तयार होतं. रविवारी गृहप्रवेश होता, भंतेजींना निमंत्रण गेलं होतं, आणि मावशी त्या घरात पाय ठेवायला तयार नव्हती.

"ताई, जमीन गुरगुरून राहिली," तो म्हणाला. "दिवाळीपासून चालू हाय. धडाम आवाज येते, भांडे वाजतात, मंग सगळं चूप. माय म्हणते, नव्या घराचा स्लॅब डोक्यावर पडन. जुन्या घरातच झोपून राहिली. तू भूगोल शिकवते ना? तू सांग तिले."

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते हे खरं. भूकंपाचा धडा दरवर्षी शिकवते, फळ्यावर पृथ्वीचे थर काढते, पण पायाखालची जमीन हललेली मी कधी अनुभवली नव्हती. नवरा, नितीन, सिव्हिल इंजिनिअर. त्याला विचारायचीही गरज पडली नाही. फोनवरचं ऐकूनच तो बॅगेत मेजरिंग टेप टाकत होता.

नागपूरहून सौंसर-रामाकोन्याला जायचा सरळ रस्ता सावनेरवरून. बस भरपूर आहेत. पण आम्ही मुद्दाम लांबचा मार्ग धरला: शनिवारी सकाळी रेल्वेने पांढुर्णा, तिथून प्रमोदच्या गाडीने पुढे. तुम्हीही नोव्हेंबरात जाणार असाल तर हेच करा. काटोल मागे पडलं की दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा सुरू होतात, आणि डब्यातली निम्मी माणसं बहाराबद्दल बोलत असतात. तिकीट इतकं स्वस्त की स्टेशनवरचा नाश्ता त्याहून महाग पडला.

पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण. नव्या पाट्या लागल्यात, पण बाजार तोच: कापसाच्या गाड्या, संत्र्याच्या पेट्या, आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या स्कूटी. स्टेशनबाहेर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी की नितीनने दुसऱ्या घासाला चष्मा काढून ठेवला. शेजारच्या बाकावर दोन जण तोच विषय बोलत होते.

"खदानीत ब्लास्टिंग करून राहिले, दुसरं काही नाही."

"खदान दिवाळीत बंद होती ना. तरी वाजलं. मी सांगतो, हे बोअरवेल खोदून खोदून झालं."

आम्हाला घ्यायला आलेला प्रमोद हळूच म्हणाला, "आमच्या गावात याच्यावर अजून चार मतं हायेत."

पांढुर्णा ते सौंसर हा रस्ता मला फार आवडला. पऱ्हाटीची शेतं कापसाने पांढरी झालेली, वेचणीला बाया लागलेल्या. वाटेत जामसांवलीला हनुमानाचं मंदिर आहे. शनिवार असल्यामुळे लांबूनच गर्दी दिसली. शनिवारी जाणार असाल तर गाडी अलीकडेच लावा आणि चालत जा. आम्ही बाहेरच चहा घेतला आणि निघालो.

सौंसर सोडून रामाकोन्याच्या दिशेला लागलो तसा नितीन खिडकीबाहेर बोट दाखवू लागला. पांढुर्ण्याकडे काळा कातळ होता, लाव्हा थंड होऊन झालेला. इकडे दगडाचा रंगच बदलतो. कन्हान नदीच्या पात्रात पट्ट्यापट्ट्यांचे, वळलेले, दुमडलेले खडक दिसतात. कधीकाळी जमिनीच्या पोटात खूप खोलवर भाजले आणि चेपले गेलेले हे खडक फार म्हणजे फार जुने आहेत. पुलाजवळ थांबून ते जरूर बघा.

मावशी अंगणातच बसली होती. सत्तरीची आहे, पण आवाज खणखणीत.

"जयभीम मावशी."

"जयभीम. आली का मले समजवाले? बस. जावईबापू, तुम्ही पण बसा."

तिच्या मागे जुनं घर: दगड-मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. समोर प्रमोदचं नवं घर, पोपटी रंगाचं. प्रमोदची बायको ज्योती पाणी घेऊन आली आणि हसू दाबत म्हणाली, "ताई, रविवारची खीर सांगून ठेवली हाय. आता तुमच्यावरच हाय सगळं."

मी मावशीला दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबायला सांगितले. "आता एक हात पुढे ढकल."

तिने ढकलला. हात जागचा हलेना. आणखी जोर लावला तसा झटक्यात सरकला.

"भूकंप असाच होतो. आपला सगळा देश हळूहळू उत्तरेकडे सरकतोय, वर जाऊन अडतोय. त्याचा ताण इथल्या जुन्या भेगांवरही येतो. उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात तर फार मोठ्या भेगा आहेत. भेग वर्षानुवर्षं अडून राहते आणि एक दिवस सरकते. त्याचा हादरा आपल्यापर्यंत पोचतो."

"मंग आताच काहून सरकून राहिली?"

"नेमकं यंत्रं लावल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण जोराचा पावसाळा झाला की पाणी खोल भेगांत उतरतं, त्यांची पकड थोडी सैल होते, आणि असे लहान लहान धक्के बसतात. दख्खनच्या कातळात हे बऱ्याच ठिकाणी झालंय. धक्के फार खोल नसतात म्हणून आवाज मोठा येतो. बहुतेक वेळा ते हळूहळू थांबतात."

मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढचा कधी येईन?"

"ते कोणालाच सांगता येत नाही."

"मोठा येईन का?"

"बहुतेक नाही. पण येणारच नाही असं मी म्हणू शकत नाही."

"मंग तुह्या शिक्षणाचा काय फायदा, वंदू?"

प्रमोदने कपाळाला हात लावला. वर्गात 'पुढचा कधी येईल' असा प्रश्न आला की मी पुढच्या पानावर जाते. इथे पुढचं पान नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, कधी येईल ते नाही सांगता येत. पण आला तर काय पडेल, ते बरंचसं सांगता येतं."

ती उठलीच. "चाल, मंग सांग."

मग घराची जी फेरी सुरू झाली, तिची मजा काय सांगू. नव्या घरात नितीनने कॉलम दाखवले, जोत्याशी आणि खिडक्यांच्या वर भिंतीभोवती फिरवलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या दाखवल्या. "मावशी, सुपाला कडेने पट्टी असते ना, ती निघाली की सूप फसकतं. तशीच ही पट्टी भिंतींना धरून ठेवते." बांधताना प्रमोदने खर्च वाचवायला पट्टी गाळली नव्हती, म्हणून नितीनने त्याची पाठ थोपटली. मावशी मात्र बोट दाखवत पुढे.

"हे पडन?" लोखंडी कपाट, नेमकं तिच्या पलंगाच्या उशाशी.

"हो," नितीन म्हणाला. "हे भिंतीला अँगलने आवळायचं आणि पलंग दूर न्यायचा."

"अन् हे?" गच्चीच्या कडेला सुट्या विटांची उतरंड, खाली दरवाजा.

"ही तर आधी पडेल. आजच काढू."

"पंखा?"

"हूक पक्का आहे."

"अन् जावईबापू?"

"ते सकाळची तर्री खाल्ल्यापासून डळमळीतच आहेत," मी म्हटलं, आणि मावशी पहिल्यांदा हसली.

मग तिने आम्हाला जुन्या घरात नेलं. नितीन तिथे भिंतींवर टकटक करत फिरला. दगडात माती भरलेल्या जाड भिंती, कोपरे सुटलेले, आणि तिची खाट भिंतीला अगदी लागून. वर फळीवर पितळी गुंडांची, म्हणजे पाण्याच्या जड भांड्यांची, रांग. "मावशी, तुम्हाला भीती त्या घराची वाटते," तो म्हणाला, "आणि मला या घराची वाटते."

"या घरात माही जिनगानी गेली."

"म्हणून तर. भिंतीही तेवढ्याच जुन्या झाल्या," नितीन म्हणाला.

ती रागावली नाही, पण मानलीही नाही. फक्त खाट तेवढी अंगणात काढू दिली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन घरांतून बोलावणी आली आणि नितीन टेप घेऊन गल्लीभर "हे पडन का?" ची उत्तरं देत फिरला. प्रत्येक घरी चहा. ज्योतीने रात्री ज्वारीची भाकर, कढी आणि गोळाभात केला. सांभारवडीसाठी, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीसाठी, मात्र आमच्या पोटात जागा उरली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

रविवारी सकाळी प्रमोद आणि नितीन कपाट आवळत होते. मी जुन्या घरातल्या फळीवरचे गुंड उतरवून दारात ज्योतीच्या हातात देत होते. शेवटचा गुंड घेऊन दाराशी वळले आणि जमिनीखालून आवाज आला. ढगांचा गडगडाट उलटा झाल्यासारखा, पायांतून वर येणारा. दार थरथरलं. शनिवारी मीच सगळ्यांना सांगितलं होतं: दगडमातीच्या घरात दाराशी असाल तर बाहेर मोकळ्यावर या, नव्या घरात असाल तर पलंगाखाली शिरा. आणि मी गुंड पोटाशी धरून तशीच उभी राहिले. ज्योतीने दंड धरून मला अंगणात ओढलं.

मागे धप्पकन आवाज झाला. मग सगळं शांत. गल्लीतली कुत्री तेवढी भुंकत होती.

नव्या घरातून नितीन आणि प्रमोद पलंगाखालून बाहेर आले, केसांत धूळ घेऊन. कपाट जागच्या जागी होतं. आम्ही जुन्या घरात दारातूनच डोकावलो. भिंतीच्या वरच्या भागातले दोन दगड आणि मातीचा मोठा पोपडा खाली आला होता. कालपर्यंत मावशीची खाट होती तिथे, उशाच्या बाजूला.

मावशी खूप वेळ त्या दगडांकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला.

"प्रमोद, आता या घरात कोणी जायचं नाही. बकरी पण नाही." आणि माझ्याकडे वळून, "गुंड ठेव ना खाली, वंदू. का नागपूरले घेऊन चालली?"

भंतेजी दहाच्या सुमारास आले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, परित्राण पाठ झाला. मावशी सगळ्यांच्या पुढे बसली होती. पाठ चालू असताना तिची नजर दोनदा छताकडे गेली, दुसऱ्यांदा गेली तेव्हा मी तिचा हात धरला. मग सगळ्यांनी "साधु, साधु, साधु" म्हटलं आणि खीर वाढली गेली. गल्लीतल्या बायांना मावशी स्वतः घर दाखवत होती आणि सुपाच्या पट्टीची गोष्ट समजावून सांगत होती, माझ्यापेक्षा बरंच चांगलं.

परत येताना आम्ही सौंसरहून सावनेरमार्गे बस पकडली. पिशवीत एवढी संत्री होती की कंडक्टरने पिशवीचं तिकीट मागायची धमकी दिली.

आता महिना झाला. धक्के कमी होत होत थांबलेत, निदान सध्या तरी. जुन्या घराची भिंत प्रमोदने सांभाळून उतरवली. मी यंदा भूकंपाचा धडा शिकवला तेव्हा मागच्या बाकावरून तोच प्रश्न आला, पुढचा कधी येईल. मी पान उलटलं नाही. मुलींना उठवलं आणि वर्गातून फेरी मारायला लावली. तासाभरात त्यांनी नकाशांचं कपाट, सैल झालेला पंखा आणि खिडकीवरच्या कुंड्या शोधून काढल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी कुंड्या खाली घ्यायला आणि पंखा आवळायला लावला, कपाटाचं मात्र अजून व्हायचंय.

काल मावशीचा फोन आला. नव्या घरात झोप कशी लागते, असं मी विचारलं.

"चांगली लागते. भेव वाटते कधी कधी. पण आता भेव कुठं ठेवायचं, ते समजते."

मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात नागपूरला येते, चार दिवस राहीन तुमच्याकडे. फोन ठेवल्यावर मी आणि नितीनने एकदमच वर पाहिलं. आमच्या पलंगावर, बरोबर उशांच्या वर, लग्नापासूनच्या सुटकेसेसनी भरलेला माळा आहे. मावशी यायच्या आत तो रिकामा करतोय.