दातारसरांचं मार्लफोर्ड

डोंबिवलीच्या विश्राम दातारसरांनी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण मार्लफोर्ड नावाचं तिथलं नदीकाठचं एक चिमुकलं गाव त्यांना तोंडपाठ आहे. लेक ऋजुता लग्नानंतर तिथे राहायला गेली आणि निवृत्त इतिहास-शिक्षकानं त्या गावाचा पिच्छाच पुरवला. पाच कमानींचा दगडी पूल, आठशे वर्षांचं चर्च, बंद पडलेली पाणचक्की, पुराची पातळी कोरलेली भिंत. विचारायचा अवकाश, की सर सुरू! बायको उत्तराबाई म्हणायच्या, "अहो, आपल्या सोसायटीत पाणी किती वाजता येतं, ते तरी सांगा बघू."

गेल्या वर्षी ऋजुताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण आईनंच करायचं. लेक येऊ शकत नाही तर आपण जायचं, हे ठरलेलंच होतं. दोघांच्या व्हिसाचा अर्ज सरांनी स्वतः लिहिला. एजंट कशाला, इंग्रजीचं काय वावडं आहे आपल्याला? आता सरळ कारण लिहावं की नाही माणसानं! पण घरातली नाजूक गोष्ट परक्या साहेबाला कशी कळवायची? त्यात कोपरीच्या मेहुण्यानं डोक्यात भरवून दिलेलं, बाळंतपण म्हटलं की नाकारतातच. झालं. सहा महिन्यांच्या मुक्कामाचं कारण सरांनी लिहिलं, गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं. वर चार पानी निबंध जोडला.

नकार आला. एवढंसं गाव बघायला सहा महिने लागतील हे पटत नाही, असं सभ्य भाषेत कळवलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? दुसरा अर्ज खरं कारण लिहून केला, तर आधी का लपवलंत म्हणून तोही परत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. उत्तराबाई भांडल्या नाहीत. केलेले डिंकाचे लाडू त्यांनी शेजारच्या सुमतीबाईंच्या बाळंतीण सुनेला देऊन टाकले.

मार्चमध्ये ऋजुताला मुलगी झाली. चौथ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती रडत होती. नवरा औषधं आणायला गेलेला, आणि बाळ दूध ओढत नव्हतं.

"आई, कसं धरू गं हिला?"

उत्तराबाईंनी सोफ्यावरची उशी छातीशी घेतली. "डोकं कोपरात घे. असं. अगं, जरा वर."

ऋजुताला नीट दिसत नव्हतं. सर शेजारी उभे होते. खरं तर अशा वेळी त्यांनी बाहेर जायचं, पण पाय हलेनात. इतकं निरुपयोगी त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"बाबा आहेत का तिथे?" ऋजुतानं विचारलं. "तुम्ही तेव्हा पाठवलेली पहिल्या अर्जाची प्रत आज वाचली, बाबा. छान लिहिलंय. नदीतल्या राजहंसांवर अर्धं पान आहे."

मग नाक पुसून ती म्हणाली, "मी एकाच ओळीत आहे. राहण्याची सोय, मुलीकडे."

उत्तराबाईंनी फोन आपल्याकडे वळवला आणि उशी पुन्हा कोपरात घेतली.