चहावर फोडलेलं खापर

ही गोष्ट मी आजवर देवापुढेही उच्चारली नाही. तुला सांगते — ऐक, पण माझी समजूत घालू नकोस. दयेचा मला राग येतो.

या उसाच्या बेटावर, लालमती गावात आमचं घर. इंग्रजांचा झेंडा अजून उतरायचा होता. नवरा उसाच्या लॉरीवर. त्याचा चहा सासू करायची — लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिनं मला त्या किटलीला हात लावू दिला नाही. ‘माझ्या लेकाला तुझ्या हातचा ग्वाड लागत न्हाई,’ म्हणायची, चारचौघींत. मग माझ्या हातचं तो काय घेत होता? सिगारेटी. रोज संध्याकाळी लाबुतिकमधून, कोपऱ्यावरच्या त्या दुकानातून, मीच आणायचे. पाकीट त्याच्या हातात देताना — हसू नकोस — आपण याची बायको आहोत असं वाटायचं.

मग तो रक्त थुंकायला लागला. हॉस्पिटलात डॉक्टर, इथल्या रीतीप्रमाणे, फ्रेंचमध्ये बोलला. मी चार यत्ता शिकलेली, मला कळलं. फुप्फुसाचा कॅन्सर. सिगारेटींनी. बाहेर बाकावर सासू बसली होती.

‘काय म्हनला गं दोक्तेर?’

काय आलं माझ्या तोंडात? ‘चहानं झालं म्हणाला. तुमच्या त्या उकळत्या चहानं छाती जळली त्याची.’

रागानं बोलले? हो. भीतीनं? तेही. पण तिचा चेहरा पांढरा पडलेला पाहिला — आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं!

तिनं चहा बंद केला. शेवटी शेवटी तो हात जोडायचा, ‘आई, घोटभर दे गं.’ ती रडायची आणि पाणी पुढं करायची. आणि मी? मी सिगारेटी आणतच राहिले. बंद केल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं — का?

तो गेला. भेटायला आलेल्या प्रत्येकीला ती सांगायची, ‘म्याच मारला माझा ल्योक.’ मी तिथंच बसलेली असायचे. माझ्या या जिभेला तेव्हा काय झालं होतं?

तीन वर्षांनी तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी माझा हात पकडून म्हणाली, ‘सूनबाई, खरं सांग. दोक्तेर तसंच म्हनला व्हता?’

खोलीत आम्ही दोघीच. मला मारायची, घराबाहेर काढायची ताकद तिच्यात उरली नव्हती. भ्यायचं काही कारणच नव्हतं.

मी ‘हो’ म्हणाले.