दोनशे चाळीसवर घासलेली फीत

१२ सप्टेंबर १९९७. एक हजार नऊशे वीस रुपये. अठ्ठेचाळीस गावांतल्या आरोग्यसेविकांच्या मानधनातून, दरडोई चाळीस याप्रमाणे, एवढी रक्कम कापायची असं प्रशिक्षण केंद्राच्या गुणवंतरावांनी ठरवलं होतं. हिवतापासाठी काचेवर रक्त कसं घ्यायचं, हे शिकवणाऱ्या कॅसेटी या बायकांनी खराब केल्या, हा ठपका.

कॅसेटी दुरुस्तीला आल्या भद्रावतीच्या इनायतभाईंकडे. ते वडिलांकडून घड्याळं शिकले, मग रेडिओ, मग टेप. बिघाड का झाला हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. फीत किती पुढे सरकली याचा आकडा दाखवणाऱ्या टेपवर त्यांनी एकेक कॅसेट चालवली आणि फीत जिथे घासली होती तो आकडा वहीत लिहिला. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस कॅसेटी दोनशे चाळीसच्या आसपास घासल्या होत्या.

वही घेऊन ते केंद्रावर गेले.

"बायका फीत ओढतात, दुसरं काय!" गुणवंतराव म्हणाले.

"ओढली असती तं कुठीबी तुटली असती, साहेब. एकाच जागी मागं घेऊन राह्यल्या बाया. धड्यातच कायतरी अडते."

"तुम्ही टेप दुरुस्त करा. धड्याचं आम्ही पाहू."

इनायतभाई उठले नाहीत. "गोकुळाबाई बाहेर बसल्या हायेत. त्यांच्यासमोर एकदा लावा, मंग कापा पैसे."

तलावाकाठच्या गावच्या आरोग्यसेविका गोकुळाबाई आत आल्या. टेप सुरू झाला. टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा काचेवर घ्या, पसरवा, नंबर लिहा. आवाज एका दमात बोलून पुढे गेला.

"एका हातात पेशंटचं बोट, दुसऱ्यात काच," गोकुळाबाई म्हणाल्या. "थांबवायचं बटन काय नाकानं दाबू, साहेब?"

गुणवंतराव हसले. "कपात थांबवतो, रद्द करत नाही. पंधरा दिवसांत फरक दाखवा."

इनायतभाईंनी तेवढा भाग गोकुळाबाईंच्या आवाजात नव्याने भरला. एक सूचना, दहा मोजेपर्यंत शांतता, मग पुढची. तीन गावांत कॅसेटी गेल्या. मागे घेऊन ऐकावं लागलं की भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची आणि कुठे अडलं ते सांगायचं. पहिल्या आठवड्यात दिवसागणिक रेघा कमी झाल्या, पण उरलेल्या साऱ्या नंबर लिहिण्याच्या जागी होत्या. नंबर काचेवर पसरलेल्या रक्तावरच लिहायचा, आणि ओल्या रक्तावर पेन्सिल चालत नव्हती. 'आधी वाळू द्या' एवढं घालून त्यांनी तो भाग पुन्हा भरला. दुसऱ्या आठवड्यात तिन्ही गावांत मिळून चार रेघा.

गुणवंतरावांनी तिन्ही भिंती स्वतः जाऊन पाहिल्या, कपातीचा कागद फाडला आणि नवा धडा सगळ्या गावांना पाठवला.

चाचणीच्या तीन कोऱ्या कॅसेटी इनायतभाईंनी पदरच्या घातल्या होत्या. त्यांचे पंच्याहत्तर रुपये केंद्राकडून अजून यायचे आहेत.