गॅरेजमधली उदबत्ती

मी ऑस्ट्रेलियात आलो बायकोच्या व्हिसावर. ती शिकलेली, नर्स. माझी नि आठवीची भेटच झाली नाही. इथे क्रेगीबर्नला गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, आणि गावाकडे सांगतो, कंपनीने गाडी दिलीय.

सिगरेट ओढायला मी गॅरेजात जायचो. वास लपवायला उदबत्ती. आता उदबत्तीला काहीतरी कारण नको? म्हणून जुन्या फ्रीजवर गणपतीचा फोटो ठेवला. शेजारची पंजाबी आंटी बायकोला म्हणाली, "तेरा आदमी कितना धार्मिक है!" मी मनात म्हटलं, काय डोकं आहे आपलं!

मागच्या थंडीत हार्ट अटॅक आला. स्टेंट टाकला. सिगरेट सोडायला पॅच लावले, निकोटीनचं गम चघळलं, जमेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फार्मसीतून व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, घ्यायला लिहून दिलं. म्हणाल्या, "हेही चांगलं नाही, मेट. पण सिगरेटपेक्षा बरं. दोन्ही एकदम अजिबात नाही. आणि पुढे हेही सोडायचं." पहिला झुरका मारला, तर वाटलं टूथपेस्ट पितोय. पण सिगरेट सुटली. लपवायला वासच नाही, म्हणून उदबत्तीही सुटली.

एका रविवारी दुपारी कांदे आणायला गॅरेजात गेलो. फोटोवर धूळ बसलेली. लाज वाटली. एवढ्या उदबत्त्या जाळल्या, बाप्पासाठी एकही नाही. फोटो पुसला, एक लावली, हात जोडले.

तोच दार धाडकन उघडलं. बायको. हात थालीपिठाच्या पिठाने भरलेले, चेहरा पांढराफटक. तिने आधी माझं तोंड हुंगलं, मग बोटं, मग शर्ट.

"अगं, काय झालं?"

"उदबत्तीचा वास आला," ती म्हणाली. "अहो, हा वास आला की मला कळायचं, तुम्ही ओढताय. आज वाटलं, परत सुरू केलीत."

म्हणजे माझी अक्कल पहिल्या दिवसापासून उघडी पडलेली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही लांब पार्कात जाऊन ओढली असती. इथे पडलात तर निदान आवाज तरी आला असता मला."

ती तांदळाच्या पोत्यावर बसली, पिठाच्या हाताने माझी बाही धरून.

"विझवू का?" मी विचारलं.

"देवाची आहे ना ही? मग राहू दे."

आतून करपल्याचा वास आला. थालीपीठ तव्यावरच राहिलेलं. ती उठली नाही. आमच्या घरात काहीतरी जळतंय आणि त्यात माझा हात नाही, असं पहिल्यांदाच झालं.