पंखामास्तरांची शरम

विजेच्या मोटारी दुरुस्त करणं हे पंखामास्तरांच्या पोटापाण्याचं काम; पण जीव सगळा पंख्याच्या पात्यांत अडकलेला. साधा पंखा हवेला नुसत्या थोबाडीत मारतो, असं त्यांचं म्हणणं. "हवा कशी अलगद उचलून खाली ठेवायला हवी," म्हणत ते तळहात वळवून दाखवायचे. दुकानाच्या माळ्यावर फसलेल्या पात्यांचा ढीग साचला होता. मेहुणा आला की विचारायचा, "काय दाजी, घर कधी उडवताय?"

हसत नव्हती ती फक्त बायको. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणखात्याची मुकादम होती. शेवटी मास्तरांना जमलं. पाच पाती, प्रत्येकाला बुंध्याशी जास्त पीळ, टोकाकडे कमी कमी होत गेलेला. वारा भरपूर, आवाज जवळजवळ नाहीच. बायकोने मालकाला गळ घालून तो पंखा शिवणखात्यात लावून घेतला. त्याच्याखालच्या मशीनवर बसायला बायकांची भांडणं जुंपली, तेव्हा मास्तरांचे पाय जमिनीवर ठरेनात.

काही आठवड्यांनी जेवताना बायको म्हणाली, "अहो, तो टिकटिक करतोय. एकदा बघून जा ना."

"बेअरिंग नवं आहे. बसेल हळूहळू."

"पण आवाज वाढतोय."

"पंखा मी केलाय की तू?"

ती ताटं उचलायला लागली.

आणि एके दिवशी चालू पंख्याचं एक पातं निखळलं. काजं करणाऱ्या बाईच्या खांद्यात घुसलं. बाईला दवाखान्यात नेलं, टाके पडले. मास्तर धावत कारखान्यात पोचले. पातं हातात घेताच त्यांना सगळं कळलं. पातं मोटारीला जोडणारी पट्टी त्यांनी काटकोनात वाकवली होती, गोलाई न देता. त्या घडीवरच ती चिरत गेली होती. चिरेची कड काळी पडलेली. म्हणजे चीर जुनी. टिकटिक तिचीच.

"मास्तर, हे झालं कसं?" मालकाने विचारलं.

मास्तर बोलायच्या आत बायको पुढे झाली. "चूक माझी आहे. पंखा पुसताना स्क्रू ढिले केले, आवळायचे राहून गेले."

मास्तरांनी तुटलेली पट्टी गुपचूप खिशात घातली.

बायकोची मुकादमी गेली. तिला धागे कापायच्या टेबलावर बसवलं. संध्याकाळी घरी आली की कात्रीने आलेल्या फोडांवर ती फुंकर घालायची. शेवटी एकदा मान खाली घालूनच मास्तरांनी विचारलं, "का सांगितलंस तसं?"

"तुम्हाला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं." मग म्हणाली, "आणि मला वाटलं, तुम्ही मला अडवाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पट्टी घेऊन शिवणखात्यात उभे राहिले. मशिनी थांबल्या. "हिने स्क्रूला हातही लावला नव्हता," ते म्हणाले. "पट्टी मी चुकीची वाकवली. हिने आवाज होतोय म्हणून सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. आणि इथे उभा राहून गप्प बसलो."

काजं करणारी बाई खांदा सांभाळत कामावर आली होती. ती हळूच म्हणाली, "आम्हाला ठाऊक होतं, मास्तर. ती स्टुलावर चढते का कधी? वरच्या फळीवरचं रीळ काढायला आम्हालाच हाका मारते. तिच्यासाठी गप्प राहिलो."

म्हणजे इतके दिवस रस्त्यात भेटून "काय मास्तर, बरं आहे ना?" विचारणाऱ्या या सगळ्याजणी त्यांचीच अब्रू झाकत होत्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकाने बायकोला मुकादमी परत दिली. काजं करणाऱ्या बाईचा हात मात्र बरेच महिने वर जात नव्हता. मास्तर तिच्या घरी पाण्याची मोटार दुरुस्त करायला गेले, तेव्हा ती दारातच म्हणाली, "या भाऊ, पण पंखा बिघडलेला नाही हं आमचा!" ती हसली, मास्तरांना डोळे वर करवले नाहीत.

पुढे त्यांनी पट्टी जाड केली, वळणाला गोलाई दिली, भोवती जाळी बसवली. तो पंखा स्वतःच्या डोक्यावर टांगून अख्खा उन्हाळा त्याच्याखाली काम केलं, मगच दुसऱ्याला दिला. आता बऱ्याच कारखान्यांत तो फिरतो. लोक तोंडभरून कौतुक करतात आणि मास्तर विषय बदलतात.

"आता तरी चारचौघांत जरा हसा की," बायको म्हणते.

ते होकाराची मान हलवतात. पण त्यांना ते जमत नाही.