हिरड्यानं काळी झालेली नखं

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका कॉलेजच्या सभागृहाबाहेर उभी होते. आत माझं व्याख्यान होतं. सेंद्रिय रेणू चुंबकीय धातूला चिकटले की दोघांचं काय होतं, हा विषय. त्याच्या धाकट्या भावानं एवढंच सांगितलं, "ताई, दादा गेले... हार्ट अटॅक." मी पाणी प्यायले, आत गेले आणि पाऊण तास बोलले. टाळ्याही पडल्या. त्या बोलण्याचा गाभा मधुकरचा होता, आणि हे मी त्याही दिवशी कुणाला सांगितलं नाही. दीड महिना झाला, आता लिहायला बसले आहे.

आम्ही दोघंही भंडाऱ्याचे. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान, त्याच्या घरी कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग. त्यांचं कापड आमच्या दुकानात यायचं. नागपूरच्या प्रयोगशाळेत तो माझ्या मागून दोन वर्षांनी आला आणि पहिल्याच दिवसापासून मला ताई म्हणू लागला. शनिवारी दुपारी तो भंडाऱ्याची बस पकडायचा, कारण रविवारी वडिलांसोबत सूत रंगवायचं असे. आधी हिरड्याचं पाणी, मग लोखंडाचं... म्हणजे गुळाच्या पाण्यात जुने खिळे मुरवून केलेलं. दोन्ही मिळून सूत काळं व्हायचं, आणि सोमवारी येताना त्याची नखंही काळी असायची. प्रयोगशाळेतली मुलं हसायची आणि तोही हसायचा.

आमचं काम सांगायला सोपं होतं. निर्वात केलेल्या बंद पेटीत कोबाल्ट या चुंबकीय धातूचा अगदी पातळ थर द्यायचा, त्यावर शाईत वापरतात तसल्या एका निळ्या रंगाचे रेणू बसवायचे आणि विजेचा प्रवाह कसा जातो ते पाहायचं. धातू तो धातूच राहतो, रेणू नुसता वर बसतो, हे माझ्या प्रबंधाचं गृहीतक होतं. त्यावरच माझी दोन प्रकरणं उभी होती. एका सोमवारी मधुकर आलेख घेऊन धावतच आला. "ताई, निळा थर चढवला का कोबाल्ट ऐकूनच नाही राहिला! उलटा चुंबक लावला तरी लवकर पलटत नाही." मी म्हटलं, गंज असेल. तो म्हणाला, "गंज नाही. आमचे बाबा म्हणतात, हिरडा अन् लोखंड एकत्र आले का दोघंही पहिलेसारखे राहत नाही. आपण सुतालेच पाहतो, लोखंडाले कोणी पाहतच नाही."

मला त्याचं पटलं होतं, आणि म्हणूनच मी घाबरले. आमच्या मार्गदर्शक सरांनी दोन दिवसांनी मला विचारलं, या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का? मी म्हणाले, "सर, त्याचे हात बघा ना. रंगाचे डाग घेऊन येतो, नमुना खराब होणारच." मधुकर दारातच उभा होता. खरं तर त्या पेटीत कुणाचा हात जातच नसे. थर आतच तयार व्हायचा, आतच मोजला जायचा. हे मला ठाऊक होतं, तरीही मी ते बोलले. सरांनी ते आकडे बाजूला ठेवले, मधुकरला दुसरं काम दिलं. वर्षभरात तो भंडाऱ्याला परतला आणि ज्युनियर कॉलेजात शिकवू लागला. माझा प्रबंध वेळेवर पूर्ण झाला.

पुढं परदेशात तेच दिसलं, जे त्यानं त्या सोमवारी पाहिलं होतं. विषयाला नाव मिळालं, परिषदा होऊ लागल्या आणि मी त्यात निर्लज्जपणे बोलू लागले. एका दिवाळीत भंडाऱ्यात, खांब तलावाच्या पाळीवर तो भेटला. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "ताई, थे कोबाल्टचं पुढे काही निघालं का?" चोराच्या मनात चांदणं. मी म्हणाले, "नाही रे, तिथंच बंद पडलं ते." तो "बरं" म्हणाला आणि हात खिशात घातले. मला तेव्हा वाटलं, थंडी आहे.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेले. प्रवासभर ठरवलं होतं, तसं सुनंदावहिनींना, त्याच्या बायकोला, सगळं सांगितलं. त्या सूप हातात घेऊन तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मालूम होतं त्यायले. कॉम्प्युटरवर सारं वाचलं होतं. तलावावरून आले तवा म्हणे, मी ताईले सांगायचा मोका देल्ला, पण तिले जमलं नाही."

सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "जेवून जा. हात धुऊन घ्या."

मोरीत खिळ्याला एक ब्रश टांगलेला होता, केस एका बाजूला पार झिजलेले. मी विचारलं, हा कपड्यांचा का? वहिनी दारात आल्या.

"नाही, त्यायचा. नागपूरहून परत आले तवापासून वर्गात जायच्या आधी रोज नखं घासत. बाबा गेले, रंगकाम बंद पडलं, नखं कोरी झाली, तरी घासत. मी म्हणो, आता काहून घासता? तर म्हणत... सवय पडली."

ब्रश ओला नव्हता. मी नळ सोडला आणि नुसत्या पाण्यानं हात धुतले.