बाबांसाठी कुत्रा निवडताना

आमची काजूची बाग घरापासून लांब, डोंगराच्या उतारावर आहे. हंगाम सुरू झाला की बाबा दिवसभर तिथल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राखणीला असतात. वानरं टोळीने येतात आणि कोवळे काजू चावून टाकून देतात. म्हणून आमच्याकडे कायम कुत्रा असायचा. शेवटचा कुत्रा अकरा वर्षं होता. गेल्या पावसाळ्यात म्हातारपणाने गेला.

तो असतानाच बाबांना त्रास सुरू झाला होता. शिंका, लाल डोळे आणि बोलताना छातीतून येणारी बारीक शिट्टी. ॲलर्जी कशाची आहे ते कळायला ओरोसच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातावर ओळीने टोचून बघितलं. कुत्र्याची म्हणून टोचलेली जागा गांधीलमाशी चावल्यासारखी सुजली. कुत्रा गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आता दुसरा आणू नका. बाबांनी मान डोलावली.

शिट्टी कमी झाली, पण बाबांचं बोलणंही थांबलं. ते मुळात कमी बोलणारे; जे काही बोलायचे ते कुत्र्याशीच. आई म्हणाली, "कुत्रो गेलो तो ह्यांची वाचा घेवन गेलो."

मी सावंतवाडीला कॉलेजात जाते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे सरकारी कागद, औषधाची चिठ्ठी, मोबाइलवरचा मेसेज, सगळं माझ्याकडे येतं. एक दिवस जेवताना मी म्हटलं की ॲलर्जी असणाऱ्यांना चालतील अशाही कुत्र्यांच्या जाती असतात म्हणे, मी शोधते. बाबांनी ताटातून वर बघितलं. "तू शिकलेला चेडू. तू सांगशीत तसा." चेडू म्हणजे मुलगी.

कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी मोबाइलवर शोधलं. लेख इंग्रजीत होता. वरच एक यादी होती आणि यादीत पहिला पूडल. केस गळत नाहीत, ॲलर्जीवाल्यांसाठी उत्तम, असं लिहिलं होतं. खाली आणखी बरंच होतं, पण शब्द अवघड होते आणि साडेचारची एसटी गाठायची होती. मला हवं ते मिळालं होतं. मी मोबाइल बंद केला.

मामाने गोव्यातल्या ओळखीच्या घरातून पिल्लू आणलं. कुरळ्या पांढऱ्या केसांचं, कापसाच्या बोळ्यासारखं.

"हो कुत्रो काय मेंढरू?" मामा म्हणाला. "हेका बघून वांदर हसान हसान झाडावरसून पडतले!"

"पडले तर बराच," बाबा म्हणाले. "दगड मारूचे वाचतले."

कित्येक महिन्यांनी बाबांनी केलेली ती पहिली थट्टा होती.

बागेत नवं जनावर आणलं की आमच्याकडे ते आधी राखणदाराला दाखवतात. राखणदार म्हणजे जागेचा देव. बागेच्या कोपऱ्यात एका झाडाखाली त्याचा दगड आहे. नारळ ठेवून बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, माझ्या चेडवान पुस्तकां वाचून हो कुत्रो शोधून काढलो हा. तेका सांभाळ. चेडवाचो शब्द खाली पडाक देव नको, म्हाराजा!" आणि आई, मामा आणि मी एकत्र म्हणालो, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यात मोठा होता. आज ते आठवलं की लाज वाटते.

त्यानंतर तीन आठवडे मी दर रविवारी बागेत जायचे. बाबा बरे दिसत. फक्त मधेच उठून कुठेतरी जात. पिल्लाच्या केसांत काटे आणि गोचिड भरले होते, ते मी काढत बसायचे.

एका रविवारी आईने मला विहिरीकडे नेलं आणि हळूच म्हणाली, "तुका ऐकाक येवचा नाय म्हणून ते मागच्या फणसाकडे जावन खोकतत. माका म्हणाले, चेडवाक सांगू नको. वाईट वाटात."

मी तिथेच कठड्यावर बसले आणि तो लेख पुन्हा उघडला. त्रास केसांमुळे होत नाही, असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. कुत्र्याची लाळ आणि कातडीचा सुटणारा कोंडा यांनी होतो, आणि ही दोन्ही प्रत्येक कुत्र्याला असतात. अजिबात ॲलर्जी न देणारी अशी कुठलीही जात नाही. एकाच जातीतला एक कुत्रा सोसतो, दुसरा सोसत नाही. म्हणून घरी आणण्याआधी त्याच कुत्र्याजवळ पुष्कळ वेळा बसून बघा. हे सगळं तेव्हाही तिथेच होतं. माझ्या घरात मी वाचलेलं तपासणारं कोणी नाही, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

मी बाबांकडे गेले. "बाबा, मी पुराय वाचूक नाय. अर्ध्यारच सोडलंय."

बाबांनी पायरीवर सरकून मला जागा केली. त्यांच्या छातीतली शिट्टी मला स्पष्ट ऐकू येत होती.

"मगे आता वाच," ते म्हणाले. "मी आयकतंय."

मग मी एकेक ओळ वाचून मालवणीत सांगत गेले. अडले तिथे अडले म्हणून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे जात बघून भागाचा नाय. कुत्रोच बघूक व्हयो."

पिल्लू मामाने स्वतःच्या घरी नेलं. जाताना ते माझ्या ओढणीला धरून बसलं होतं. त्याचा काहीच दोष नव्हता.

मी बाबांना घेऊन पुन्हा ओरोसला गेले आणि झालेलं सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले. मग म्हणाले, कुत्रा नसलेलाच बरा. पण ठेवणारच असाल तर बघून घ्या, आणि मांगरात घेऊ नका. हात लावला की हात धुवा, श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप एक दिवसही चुकवू नका.

शेजारच्या वाडीत एकांकडे दोन गावठी कुत्रे होते, एक काळा कुत्रा आणि एक वर्षाची तांबडी कुत्री. बाबांचा श्वास मोकळा होईपर्यंत माझ्या कॉलेजला सुट्टी लागली, तेव्हा आम्ही रोज दुपारी तिथे जाऊ लागलो. गवताच्या धुळीनेही शिंका येतील म्हणून मी त्यांना खळ्यापासून लांब, आंब्याखाली बसवायचे. आधी काळा. दुसऱ्याच दिवशी बाबांचे डोळे लाल झाले, तो सोडला. मग आठवडाभर थांबून तांबडी. वहीत मी शिंका लिहायचे. लोक हसत, "काय हो, सोयरीक जमवतास काय?" दहा दिवसांत तिच्याजवळ बाबांना चार-पाच शिंका आल्या. शिट्टी ऐकू आली नाही. तरीही मी खात्रीने काही सांगितलं नाही.

तिला आणलं त्या दिवशी बाबांनी पुन्हा नारळ ठेवला. "बा म्हाराजा, मागच्या खेपेक आमची चूक झाली. ह्या खेपेक आमी दोघांनी दहा दिस बसान बघलाव. पुढचा तू बघ, म्हाराजा!" माझ्या शब्दाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी हळूच "व्हय म्हाराजा" म्हटलं.

ती बाहेर, मांगराच्या पायरीपासून चार हात लांब झोपते. बाबा अधूनमधून शिंकतात. पंपातलं औषध संपत आलं नाही ना, ते मी दर रविवारी हलवून बघते. परवा मी मांगरात काजू निवडत होते, तेव्हा बाहेरून बाबांचा आवाज आला. "काय गो, आज वांदर खंय गेले?"

मी उत्तर दिलं नाही. ते माझ्याशी बोलत नव्हते.